जत्रेतली नाटकं आणि माझ्या हार्ड डिस्क

कार्तिक लागला की गोव्यातल्या आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, जत्रा सुरू होतात आणि त्या थेट वैशाखापर्यंत चालतात. जत्रा म्हणजे पालखी आली, काला आला, आणि बहुतेक गावांत रात्री उशिरा उभं राहणारं उत्सवी मराठी नाटक आलं. ही नाटकं चित्रित करणं आणि मग फोंड्याला घरच्या खोलीत बसून त्यांचं एडिटिंग करणं हा माझा व्यवसाय. मोसम जवळ आला की या क्षेत्रात नव्याने उतरलेली मुलं फोन करतात. साखळीहून, पेडण्याहून, काणकोणहूनही. प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, एडिटिंगला कुठली हार्ड डिस्क घेऊ? एसएसडीच घेऊ ना?"

एसएसडी म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह. फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मुद्दा आधीच सांगून टाकते. पैसे मर्यादित असतील तर ते आधी फुटेजच्या दुसऱ्या प्रतीवर घाला, वेगावर नंतर. दुकानात गेल्यावर नेमकं उलटं होतं. खोक्यावर वेगाचा आकडा मोठा छापलेला असतो आणि प्रतीचा विचार कुठेच लिहिलेला नसतो.

आधी एका रात्रीचं गणित मांडू. मी तीन कॅमेरे लावते. एक मधोमध, अख्खा रंगमंच धरणारा, आणि दोन बाजूंनी, जवळची दृश्यं टिपणारे. तिन्ही फोर-केमध्ये, सेकंदाला १०० मेगाबिट दराने. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हा दर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट झाला. तासाला ४५ जीबी. नांदीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत चार तास धरले तर तीन कॅमेऱ्यांचे ५४० जीबी. ध्वनी मी वेगळा घेते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, आठ ट्रॅक चार तास म्हणजे १६ जीबी. त्यावर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती), कॅश (सॉफ्टवेअरची तात्पुरती साठवण) आणि तयार झालेली फाइल धरा. एक नाटक पाऊण टीबीच्या पुढे जातं.

तुमच्या कॅमेऱ्याचा दर वेगळा असेल तर सोपी रीत अशी: मेगाबिटच्या आकड्याला ०.४५ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. हे गणित केल्याशिवाय दुकानात जाऊ नका. आठ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, त्याला घाबरू नका. कंपन्या टीबी हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या. डिस्क तेवढीच असते, मोजपट्टी निराळी. पण तुमचं गणित काठोकाठ असेल तर हा फरक अडचणीत आणतो. शिवाय डिस्क शेवटच्या इंचापर्यंत भरायची नसते. फिरत्या डिस्कवर लिहिणं बाहेरच्या कडेपासून सुरू होतं, तिथे वेग जास्त असतो, आणि आत सरकत गेलं की तो जवळपास निम्म्यावर येतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवायची सवय मला तरी फार उपयोगी पडली आहे.

आता वेग. तीन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवायचे म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट वाचायचे. ७२०० आरपीएमची साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क सलग वाचताना दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. कागदावर भरपूर झालं. प्रत्यक्षात तीन फाइल तीन ठिकाणी असतात, वाचणाऱ्या हेडला सतत इकडून तिकडे धावावं लागतं आणि प्रत्येक धावेत काही मिलिसेकंद जातात. सरळ प्ले केलं तर चालून जातं. मागेपुढे सरकवत एखादी तान कुठे सुरू होते ते शोधायला लागलं की अडखळतं.

पण अडखळण्याचं सगळं खापर डिस्कवर फोडण्याआधी एक तपासणी करा. कॅमेऱ्यातून येणाऱ्या एच.२६४ आणि एच.२६५ फाइलींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते असतं. तुम्ही मधल्या एखाद्या फ्रेमवर जाऊन थांबलात की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं मांडत यावं लागतं. हे काम प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डाचं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, टाइमलाइन चालवा आणि बघा. डिस्क शंभर टक्क्यांना टेकली असेल तर दोष डिस्कचा. डिस्क पंधरा टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर घाम गाळतोय असं दिसलं, तर जगातली सगळ्यात वेगवान एसएसडी आणूनही टाइमलाइन तशीच अडखळणार. महागडी एसएसडी घेतल्यावर "काहीच फरक नाही ताई" म्हणून फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच निघालं आहे.

त्यावर इलाज प्रॉक्सीचा. मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सगळ्या फुटेजच्या १०८० रेझोल्यूशनच्या हलक्या प्रती रात्री लावून ठेवते, डीएनएक्सएचआर एलबी प्रकारात. ताशी सोळा-सतरा जीबी लागतात, म्हणजे एका नाटकाच्या बारा तासांच्या फुटेजला दोनशे जीबीच्या आसपास. या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे कुठेही उडी मारा, लगेच दिसते. काही जण मूळ फुटेजच मोठ्या दर्जाच्या प्रोरेसमध्ये बदलून घेतात. फोर-के, २५ फ्रेम, ४२२ एचक्यू म्हणजे सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट, ताशी ३३२ जीबी. आमच्या एका नाटकाला चार टीबी. जाहिरातीच्या तीस सेकंदांसाठी ते ठीक आहे, चार तासांच्या संगीत नाटकाला नाही.

यातून माझी मांडणी ठरली आहे. संगणकात दोन एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू कामाच्या प्रॉक्सी आणि कॅश. दुसरी दोन टीबीची आहे, तिच्यावर मोसमातली दोन-तीन नाटकं एकदम मावतात. ती जळाली तर माझं एका रात्रीचं प्रॉक्सी बनवण्याचं काम वाया जाईल, बाकी काही जाणार नाही, कारण तिच्यावर मूळ असं काहीच नसतं. मूळ फुटेज साडेतीन इंची हार्ड डिस्कवर. एसएसडीच्या किमतीत तिथे कितीतरी पट जागा मिळते, आणि रंग नीट करून शेवटची फाइल काढताना मूळ फुटेज वाचायला तिचा वेग पुरतो.

हार्ड डिस्क घेताना मात्र एक गोष्ट विचारूनच घ्या: सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी ते एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, आपल्या घरांच्या छपरावरच्या मंगळुरी कौलांसारखे. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. तसंच इथे मधला एक पट्टा नव्याने लिहायचा तर त्याच्या पुढचे अनेक पट्टे पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला डिस्क आपल्या राखीव भागात भराभर घेते, तो भरला की वेग वीस-तीस मेगाबाइटवर उतरतो आणि पाचशे जीबीची कॉपी संपता संपत नाही. खिशात मावणाऱ्या, यूएसबीवरच चालणाऱ्या चार-पाच टीबीच्या अडीच इंची डिस्क जवळपास सगळ्या एसएमआर असतात. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलाच्या तक्त्यात शोधावं लागतं. एसएमआर वाईट असं मी म्हणत नाही. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या प्रतीला ती चालते. रोज लिहिणं-पुसणं चालणाऱ्या कामाला नको.

एसएसडीतही असाच एक आडपडदा असतो. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) एसएसडी पहिले काही जीबी सुसाट घेते आणि तिची तात्पुरती जागा भरली की हार्ड डिस्कपेक्षाही हळू होऊ शकते. कार्यालयात वर्डच्या फाइली ठेवणाऱ्याला हे आयुष्यभर कळणार नाही, आपल्याला पहिल्याच रात्री कळतं. शक्य तिथे टीएलसी (पेशीत तीन बिटांची) घ्या. आणि ऑनलाइन दोन-तीन हजारांत 'सोळा टीबी एसएसडी' दिसली तर घेऊच नका. अशा वस्तूंच्या आत बऱ्याचदा एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि संगणकाला खोटा आकडा सांगितलेला असतो. जागा संपली तरी ती 'लिहिलं' म्हणत राहते आणि जुन्या फाइलींवर नवं चढवते. नवी कुठलीही ड्राइव्ह आली की एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे मोफत प्रोग्राम तिच्यावर शेवटपर्यंत लिहून परत वाचून बघतात. वेळ लागतो, पण मी ते केल्याशिवाय एकही ड्राइव्ह कामात घेत नाही.

केबलविषयी थोडक्यात. टाइप-सी दिसली म्हणजे वेगवान, असं नाही. मोबाइलबरोबर येणाऱ्या कित्येक टाइप-सी केबली आतून यूएसबी २च्या असतात. त्यांच्यावर सेकंदाला हजार मेगाबाइट वेगाची एसएसडी चाळीस मेगाबाइटने चालते. माझ्याकडे वेगाच्या केबलींना दोन्ही टोकांना पिवळी टेप आहे, आणि चार्जिंगच्या केबली त्या खोलीत येतच नाहीत.

खरी काळजी नाटकाच्या रात्री घ्यावी लागते. १२८ जीबीचं कार्ड १०० मेगाबिटला पावणेतीन तास चालतं. म्हणजे दोन अंकांच्या मध्ये, पडदा पडलेला असताना कार्ड बदलायचं आणि भरलेलं कार्ड लगेच रंगपटात आणायचं. तिथे एका कोपऱ्यात माझा लॅपटॉप असतो. शेजारी रंगभूषेचा आरसा, दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गमचा वास, ऑर्गनवाल्यांचा चहा. कार्डांच्या डबीत रिकामी कार्डं सुलटी असतात, भरलेली पालथी आणि वर लाल टेपचा तुकडा. लाल टेप लागलेलं कार्ड कॅमेऱ्यात जात नाही, मग कार्डं कमी पडली तरी. यूएसबी रीडरवर असं एक कार्ड उतरायला पंचवीसेक मिनिटं जातात, तीन कार्डांना सव्वा तास. दोन पोर्टेबल एसएसडी लावलेल्या असतात, दोन्हींवर एकदम कॉपी होते.

ही कॉपी मी ओढून-टाकून करत नाही. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, ते कॉपी करताना मूळ आणि प्रत यांचे चेकसम पडताळतं. चेकसम म्हणजे फाइलीच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला एक आकडा. एक बिट जरी बदलला तरी तो आकडा जुळत नाही. फाइलीचं नाव आणि आकारमान दोन्हीकडे सारखं दिसलं म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असं होत नाही. पडताळणी दोन्ही एसएसडींवर हिरवी झाली तरी कार्डं त्या रात्री मी फॉरमॅट करत नाही. घरी आल्यावर फुटेज मोठ्या डिस्कवर उतरतं, पुन्हा पडताळलं जातं, तेव्हा लाल टेप निघते. परतताना एक एसएसडी माझ्या पर्समध्ये आणि दुसरी माझ्या सहकाऱ्याच्या गाडीत. बोरी पुलावर किंवा कुठेही एका गाडीचं काही बरंवाईट झालं तरी नाटक वाचलं पाहिजे.

फोल्डरची शिस्त प्रत्येकाची वेगळी असते, माझी अशी आहे. आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग गाव, मग मंडळाचं लघुरूप. हा क्रम ठेवला की संगणक आपोआप काळानुसार लावतो. आत पाचच फोल्डर: मूळ, ध्वनी, प्रकल्प, साहित्य, तयार. 'मूळ'मध्ये कॅमेरा एक, दोन, तीन, आणि त्यांच्या आत कार्डाची रचना जशीच्या तशी. कार्डातून फक्त व्हिडिओ फाइली वेचून घेऊ नका. बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतात आणि ते जोडण्याची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असते. फोल्डरांची नावं मी रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता लिहिते. मराठीवर प्रेम कमी म्हणून नव्हे. ईडीएलसारख्या (कटांची यादी असलेली साधी मजकूर फाइल) जुन्या प्रकारांतून प्रकल्प दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की देवनागरी नावांची मोडतोड होते.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तुमचा प्रकल्प फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतो, तो सॉफ्टवेअरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. फुटेजच्या तीन प्रती असतील आणि विंडोजची एसएसडी गेली, तर महिन्याभराचं एडिटिंग गेलं. रोज उठण्याआधी प्रकल्प एक्स्पोर्ट करून 'प्रकल्प' फोल्डरमध्ये टाकायचा. काही एमबींची फाइल असते, तीच मी क्लाउडवरही चढवते. विंडोजमध्ये ड्राइव्हला अक्षरही कायमचं नेमून द्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते होतं. नाहीतर आज 'ई' असलेली डिस्क उद्या 'एफ' होते आणि टाइमलाइन लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' म्हणत बसते.

फॉरमॅटच्या बाबतीत मी घरच्या डिस्क एनटीएफएस ठेवते. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं ही त्याची सोय मोठी, पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. लिहिता लिहिता लाइट गेली किंवा केबल निघाली तर फोल्डरांची रचनाच बिघडू शकते. आणि आमच्याकडे जूनमध्ये पहिला वळवासारखा पाऊस कोसळला, माडाची झावळ तारांवर पडली, की लाइट जाते हे ठरलेलंच. यूपीएस ही चैन मानू नका. संगणक आणि बाहेरच्या डिस्क दोन्ही त्यावर हव्यात. पुष्कळ जण संगणक यूपीएसवर लावतात आणि डिस्कचा अॅडॉप्टर भिंतीत.

पावसाळ्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण बाहेरचे लेख वाचून ते कळत नाही. माझं घर चिऱ्याचं. जुलैमध्ये भिंती हाताला ओल्या लागतात, कपाटातल्या रेशमी साड्यांना वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राखायला गाळणी लावलेलं एक बारीक छिद्र असतं. त्यावर 'हे झाकू नका' असं लिहिलेलंच असतं. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क बंद असतात, पण त्यांच्याही खालचा सर्किटचा भाग आणि जोडण्या उघड्याच. म्हणून कपाटातल्या सगळ्या डिस्क मी रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यांत ठेवते. प्रत्येक डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांत हवा. नारंगी दाणे हिरवट झाले की ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तासदोनतास तापवून पुन्हा नारंगी करता येतात. एसी खोलीतून डिस्क बाहेर दमट हवेत काढायची तर ती बंद पिशवीत घालून काढा आणि पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या. गार धातूवर दव धरतं, आणि तशात वीज जोडणं धोक्याचं.

कपाटातल्या साठ्याला मी एसएसडी वापरत नाही, त्याचंही कारण हवामानच. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो, उष्णता असेल तर लवकर. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषात, लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांवर वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवणं एवढीच अपेक्षा आहे. नव्या एसएसडीची माहिती त्याहून खूप जास्त टिकते. पण एप्रिल-मेमध्ये आमच्या बंद खोलीत तीस अंश ही कमीत कमी गोष्ट आहे. दहा वर्षांसाठी ठेवायचं ते मी तिच्यावर सोडणार नाही.

आता प्रतींकडे येते. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मी तीन प्रती आणि घराबाहेरची एक, हे दोन्ही पाळते. माध्यमाच्या बाबतीत थोडी तडजोड आहे, टेप ड्राइव्ह मला परवडत नाही. त्याऐवजी डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या असतात, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत निघणार नाही. पहिली प्रत संगणकाला जोडलेली. दुसरी हवाबंद डब्यात, फक्त कॉपीपुरती बाहेर येणारी. तिसरी म्हापशाला माझ्या माहेरी, भावाच्या लोखंडी कपाटात. चवथीला माहेरी जाताना नवी डिस्क नेते, तिथली परत आणते, तपासते, भर घालते. दिवाळीला पुन्हा अदलाबदल. भावजय आता जाण्याआधी फोन करून विचारते, "वन्सं, यंदा डबा कुठला?"

क्लाउडचं काय, असं विचारलं जातं. ५५६ जीबी सेकंदाला ५० मेगाबिट अपलोडच्या जोडणीवर चढवायला अखंड चोवीस-पंचवीस तास लागतात, तेही वेग कधीच पडला नाही तर. एका मोसमात पुष्कळ नाटकं होतात. म्हणून क्लाउडवर प्रकल्पाच्या फाइली आणि तयार नाटक एवढंच. २० मेगाबिटची चार तासांची फाइल ३६ जीबी होते, ती जाते. रेडबद्दलही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीबद्दलही, एवढंच सांगते की रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो हे खरं, पण तुमच्याकडून फोल्डर पुसला गेला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठी रेड. बॅकअप म्हणजे निराळी, सुटी केलेली प्रत.

प्रत आहे एवढ्याने भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या प्रोग्राममध्ये 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे आकडे बघते. शून्य सोडून काहीही दिसलं आणि पुढच्या खेपेस ते वाढलं, की ती डिस्क निवृत्त. वॉरंटी बाकी असली तर कंपनी नवी डिस्क देते, आतलं नाटक देत नाही. प्रत्येक डिस्कवर क्रमांक आहे आणि एका स्प्रेडशीटमध्ये कुठल्या क्रमांकावर कुठल्या गावचं नाटक, कुठल्या तारखेचं, शेवटची तपासणी कधी, हे लिहिलेलं आहे. त्याचा कागदी छापा प्रत्येक डब्यात.

एवढा आटापिटा कशाला, जत्रेतली हौशी नाटकं तर आहेत, असं मला एकाने विचारलं होतं. मला त्याचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. या नाटकांत गावचा शिक्षक, भाटकाराचा (जमीनदाराचा) मुलगा, पोस्टमन उभे राहतात आणि नाट्यपदं गातात, त्यांना साथ करणारे ऑर्गनवाले आणि तबलजी एकेकाळी मोठ्या मैफलींत वाजवलेले असतात. केरीच्या गायिका केसरबाई केरकर याच महालातल्या. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणं थोडीच, आणि त्यांतलं एक १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेलं. ती तबकडीही एकाच यानावर नाही, दोन्ही यानांवर एकेक आहे. पण नवरात्रातल्या मखरोत्सवात कीर्तनाला पेटीवर बसणाऱ्या किती जणांचं अर्ध्या तासाचंही मुद्रण कुणाकडे नाही. मंडळांच्या कपाटांत जुन्या व्हीएचएस पडून आहेत, बुरशीने पांढऱ्या झालेल्या. मिनी डीव्हीच्या टेपा त्या मानाने बऱ्या निघतात. तासाची टेप तेरा जीबी होते, पण ती उतरवायला फायरवायरची जोडणी असलेला जुना संगणक लागतो आणि तासाच्या टेपेला तासच लागतो. असं काम मी कमी पैशांतही घेते. त्यातून निघालेलं पहिल्यांदा ऐकताना माझे हात थांबतात.

म्हणूनच मधल्या कॅमेऱ्याचं अखंड फुटेज मी कधी पुसत नाही. जागा कमी पडली तर प्रॉक्सी, कॅश, रेंडर जातात, ते पुन्हा बनतात. जवळच्या दृश्यांतली नटाची मुद्रा सुंदर असते हे खरं, तरी वीस वर्षांनी बघणाऱ्याला रंगमंचावर कोण कुठे उभं होतं, पडदा कसा होता, विंगेत ऑर्गनवर कोण बसलं होतं, हे मधल्याच कॅमेऱ्यात दिसणार.

मध्यंतरी एका गावचे म्हातारे गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "बाये, तें नाटक आसा मगे तुजेकडेन?" त्यांचा भाऊ त्यात होता, आणि मंडळाकडची एकुलती एक डिस्क टेबलावरून पडून बंद पडली होती. स्प्रेडशीट उघडली, क्रमांक मिळाला, डबा काढला. त्याच संध्याकाळी त्यांनी भावाचा प्रवेश माझ्या संगणकावर पाहिला, दोनदा, आणि घरच्यांसाठी पेन ड्राइव्ह घेऊन गेले.

तेव्हापासून मी माझ्या दरपत्रकात एक ओळ कायमची घातली आहे. प्रत्येक मंडळाला तयार नाटक आणि मधल्या कॅमेऱ्याचं मूळ फुटेज दोन डिस्कवर मिळतं, एक्सफॅटमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल. एक देवळाच्या कार्यालयात, एक कुणा सभासदाच्या घरी ठेवायची, आणि वर्षातून एकदा लावून बघायची. तपासायला आणून दिली तर मी पैसे घेत नाही. मंडळांच्या कार्यवाहांना माझी विनंती आहे की यंदा नाटकाचं अंदाजपत्रक कराल तेव्हा नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी, साथीदारांचं मानधन लिहिता त्याच्याच खाली 'डिस्क, नग २' लिहा. दोन टीबीच्या दोन साध्या डिस्क पुरतात, आणि या दोन्ही डिस्क एसएमआर असल्या तरी चालतील.